ओहायोतल्या फ्रीवेच्या भांडणात खरं घोडं कुठे पेंड खातं

प्रश्न असा आहे: "कोलंबसच्या उत्तरेला लुइस सेंटरला आम्ही घर घेतलं. रूट २३ वर रोज सिग्नल मोजत ऑफिसला जातो. इथे फ्रीवे करायचा बेत होता, तो लोकांच्या विरोधामुळे बारगळला म्हणतात. पुण्यात आम्ही रिंगरोडची वाट बघत म्हातारे व्हायला आलो, आणि इथले लोक दारी आलेला रस्ता परत पाठवतात! हे नक्की काय आहे? सभेची पत्रकं घरी येतात, तिथे जाऊन काही फरक पडतो का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फरक पडतो, पण तुम्हाला ज्या सभेचं पत्रक येतं तिथे फार थोडा. बावीस वर्षं मी वाहतूक नियोजनात आहे आणि त्यातली बरीच वर्षं अशा सभांत टेबलाच्या पलीकडे उभं राहून काढली आहेत. मोठे छापील नकाशे, रंगीत स्टिकर, कॉफी आणि कुकीज मांडल्या जातात तोवर महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक ठरलेल्या असतात. त्या आधी कुठे ठरतात ते पुढे सांगते.

रूट २३ चं आधी. २०२१-२२ मध्ये ओडॉटने, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याने, उत्तरेकडच्या वॉल्डोपासून कोलंबसभोवतीच्या आय-२७० या रिंगरोडपर्यंत (आय म्हणजे इंटरस्टेट, आंतरराज्य महामार्ग) विनासिग्नल रस्ता नेता येईल का याचा अभ्यास केला. आहे तोच रस्ता फ्रीवे करायचा, पूर्वेकडून वळवायचा, पश्चिमेकडून वळवायचा असे वेगवेगळे पर्याय नकाशावर आले. प्रत्येक रेघेखाली कुणाचं तरी घर किंवा शेत होतं, त्यामुळे गदारोळ झाला हे खरं. शेवटी ओडॉटने एकही पर्याय व्यवहार्य नाही असं जाहीर केलं आणि आहे त्याच रस्त्याच्या डागडुजीकडे मोर्चा वळवला. पण फक्त विरोधामुळे नाही. या रस्त्याला दोन धनी आहेत. राज्याच्या उत्तर टोकाच्या टोलेडोहून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो महामार्ग वाटतो, तुम्हाला आम्हाला तो दूध आणायला जायचा रस्ता वाटतो. आणि गेली तीस वर्षं तुमच्या डेलावेअर काउंटीत बांधकामाला परवानग्या देताना तो दूध आणायचाच रस्ता आहे असं धरलं गेलं. दर अर्ध्या मैलावर दुकानांची रांग, तिला सिग्नल, मागे वसाहत. राग मानू नका, पण त्या सिग्नलांपैकी एक तुमच्या वसाहतीसाठीच बसवलेला असणार. दोन्ही बाजूंनी इतकं बांधून झाल्यावर फ्रीवे करायचा म्हटला तर रस्त्यापेक्षा भूसंपादनाचाच खर्च वर जातो.

मग इतकं बांधकाम होऊ दिलं कुणी? ओहायोबाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट इथे आहे, आणि माझ्या मते अर्ध्याअधिक भांडणांचं मूळ तीच आहे: शहराचा आयकर. ओहायोत शहरं स्वतःचा आयकर लावतात आणि तो मुख्यतः तुम्ही काम करता त्या शहराला जातो. तुमच्या पगाराच्या स्लिपवर कोलंबसचे अडीच टक्के दिसत असतील, जरी तुम्ही राहता ऑरेंज टाउनशिपमध्ये, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीसारख्या भागात, आणि टाउनशिपला आयकर लावायचा अधिकारच नाही. म्हणजे शहराच्या तिजोरीला माणसं राहायला आलेली नकोत, कामाला आलेली हवीत. ऑफिसं आणि गोदामं येतात फ्रीवेच्या एक्झिटपाशी. म्हणून इथे नगराध्यक्षाला नवीन एक्झिट मिळणं म्हणजे गावाच्या नावावर जन्मभराची पेन्शन लागण्यासारखं आहे.

क्लीव्हलंडच्या पश्चिमेला अॅव्हॉन नावाचं उपनगर आहे. आय-९० वर नेगल रोडला एक्झिट हवा म्हणून ते बसलं होतं. त्या भागातल्या वाहतूक नियोजनाची संस्था, नोआका, हिच्यापुढे प्रस्ताव आला तेव्हा क्लीव्हलंड आणि शेजारची गावं म्हणाली, तुमच्या एक्झिटला आमचीच ऑफिसं उठून येणार, नवीन काही येणार नाही. २००७ मध्ये मंजुरी मिळाली ती एका अटीवर: त्या एक्झिटजवळ शेजारच्या गावातून कुणी उठून आलं तर त्याच्या आयकरातला वाटा मूळ गावाला द्यायचा. एक्झिट २०१२ मध्ये सुरू झाला. माझ्या धंद्यातल्या लोकांना ती अट फार आवडते, कारण रस्त्याच्या वादात पहिल्यांदाच कुणीतरी खरा मुद्दा, म्हणजे पैसा, टेबलावर काढून ठेवला होता. एरवी सगळे ताकाला जाऊन भांडं लपवतात. 'सुरक्षितता', 'आपत्कालीन सेवा', 'वाहतूक सुरळीत करणे' असं बोलत राहतात.

याच्या उलट उदाहरण आय-७१ वरच्या बॉस्टन रोडचं. स्ट्राँग्सव्हिल आणि ब्रन्सविक या दोन गावांची हद्द त्या रस्त्यावर आहे. स्ट्राँग्सव्हिलच्या आहे त्या एक्झिटला गाड्या तुंबतात म्हणून त्यांना बॉस्टन रोडला नवीन हवा. ब्रन्सविकचे रहिवासी म्हणतात घरं आमची जाणार, आराम तुम्हाला. स्थानिक पातळीवर मिटेना तेव्हा २०२३ च्या वाहतूक अंदाजपत्रकात विधिमंडळाने दोन एक्झिटमधल्या अंतराचा असा नियम घातला की तो नेमका तिथेच लागू पडावा. गावचं भांडण राजधानीत नेऊन, गावाचं नाव न घेता कायद्याच्या कलमात बसवणं ही इथली जुनी खोड आहे.

आता "इथले लोक रस्ता परत पाठवतात" याबद्दल. सगळ्यांनाच परत पाठवता आला असता तर इतिहास वेगळा झाला असता. १९५६ च्या कायद्यानंतर इंटरस्टेटचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार देऊ लागलं. दहा टक्क्यांत फ्रीवे मिळतोय म्हटल्यावर एकही शहर नको म्हणेना. प्रश्न एवढाच उरला की तो कुणाच्या अंगणातून न्यायचा.

सिनसिनाटीने आय-७५ आणि त्याच्या बाजूची औद्योगिक वसाहत वेस्ट एंडमधून नेली. केन्यन-बार असं त्या नूतनीकरण योजनेचं नाव. सुमारे २५,७०० माणसं उठवली गेली, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. पाडण्याआधी नगरपालिकेने एकेका इमारतीचा फोटो काढला. समोर एक कर्मचारी क्रमांकाची पाटी धरून उभा आणि मागे कुणाचं घर, कुणाचं सलून, एखादं चर्च. ते फोटो आज बघायला मिळतात. संधी मिळाली तर बघाच. पाडायचं म्हणून काढलेले हे फोटोच आता त्या वस्तीची एकमेव सलग नोंद ठरले आहेत. २०२३ मध्ये नगर परिषदेने जाहीर माफी मागितली.

कोलंबसमध्ये हॅनफर्ड व्हिलेज होतं, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी कर्ज काढून घरं घेतलेली वसाहत. आय-७० तिच्या मधून गेला. तुम्ही विमानतळावरून गावात येताना ज्या आय-६७० ने येता तोही आणि आय-७१ ही शहराच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्त्या कापतच गेले आहेत.

आणि त्याच काळात क्लीव्हलंडच्या पूर्वेला शेकर हाइट्स. श्रीमंत, झाडांचं, तळ्यांचं उपनगर. १९६३ मध्ये काउंटीचे इंजिनिअर अल्बर्ट पोर्टर यांनी तिथल्या तळ्यांवरून क्लार्क फ्रीवे न्यायची योजना मांडली. लोक चिडले तेव्हा ते म्हणाले की हे तर दोन दमड्यांचं बदकांचं डबकं आहे. नियोजनाच्या वर्गात हे वाक्य अजून शिकवावं असं मला वाटतं, कसं बोलू नये म्हणून. बागकाम मंडळांच्या बायका एकत्र आल्या. त्यांनी नुसती निवेदनं दिली नाहीत. १९६६ मध्ये फ्रीवेच्या आखणीच्या बरोब्बर वाटेत निसर्ग केंद्र उभं केलं. १९७० मध्ये गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स यांनी योजना रद्द केली. तळी आहेत, केंद्रही आहे, मुलांना घेऊन जायला छान जागा आहे.

ही गोष्ट नेहमी विजयकथा म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण मला त्याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या फ्रीवेचा पश्चिमेकडचा तुकडा पुढे आय-४९० म्हणून बांधला गेला आणि ईस्ट ५५ स्ट्रीटला येऊन एका सिग्नलपाशी संपला. पुढे युनिव्हर्सिटी सर्कल, जिथे क्लीव्हलंड क्लिनिक आणि मोठमोठी संग्रहालयं आहेत, तिथे जायला सरळ रस्ता नाही. ही तक्रार काही दशकं चालली आणि २०२१ मध्ये ती दूर केली ऑपॉर्च्युनिटी कॉरिडॉरने: तीन मैल, ताशी ३५ मैलांची मर्यादा, सिग्नल, कडेने सायकल आणि पायवाट. तो गेला 'विसरलेला त्रिकोण' म्हणवल्या जाणाऱ्या, ओस पडत गेलेल्या गरीब वस्त्यांतून. साठेक घरं गेली. समर्थक म्हणाले, या वस्त्यांना पहिल्यांदाच संधी मिळतेय. टीकाकार म्हणाले, उपनगरातल्या डॉक्टरांची दहा मिनिटं वाचावीत म्हणून कोट्यवधी डॉलर, आणि इथे ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांच्या बसला काय? माझं मत विचाराल तर फ्रीवेपेक्षा हा रस्ता शंभर पटीने बरा, पण त्याच पैशात बस वाढवायचा पर्याय कुणी गंभीरपणे मोजलाच नाही. आणि मोजला असता तरी पैसे तिकडे वळवता आले नसते. १९४७ पासून ओहायोच्या राज्यघटनेतच लिहिलंय की पेट्रोलवरचा आणि गाडी नोंदणीचा कर फक्त रस्त्यांवर खर्च करायचा. गॅलनमागे साडेअडतीस सेंट तुम्ही भरता, त्यातला एकही बसच्या तिकिटात जात नाही. म्हणून बससाठी प्रत्येक वेळी मतदारांपुढे हात पसरावे लागतात. कोलंबसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये जलद बसमार्गांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला तो याच वाटेने.

सगळ्यात बोलकं उदाहरण अॅक्रनचं. तिथे शहराच्या मध्याला वळसा घालणारा इनरबेल्ट बांधला, दिवसाला १,२०,००० गाड्या धरून. गाड्या आल्या जेमतेम १८,०००. रबराचे कारखाने बंद पडत होते, माणसं बाहेर जात होती आणि त्यांना आत आणायचा रस्ता मात्र रुंद होत होता. त्यासाठी पुन्हा एक कृष्णवर्णीय वस्ती आणि तिचा व्यापार उठवला गेला. २०१५ मध्ये एका कलाकाराने त्या फ्रीवेवर ५०० माणसांची पंगत बसवली. लांबच लांब टेबल, आणि गावातल्या लोकांनी दिलेल्या पाककृती छापलेल्या थाळ्या. नंतर मैलभर रस्ता कायमचा बंद झाला. आता वाद आहे ती तीसेक एकर जमीन कुणाची आणि तिथे काय करायचं याचा. मूळ कुटुंबांची मुलं म्हणतात, आमच्या आईवडिलांना मिळालेली भरपाई आठवा आणि मग बिल्डरशी बोला. इथे मी माझ्या धंद्याची बाजू घेणार नाही. १,२०,००० चा आकडा काढणारे माझ्यासारखेच लोक होते, तेच तक्ते, तीच सरळ रेषा पुढे ओढायची सवय. आम्ही आजही वीस वर्षांनंतरच्या गाड्या मोजतो. फरक एवढाच की आता आकड्याशेजारी तळटीप असते.

अशी चिरलेली शहरं शिवायचे प्रयत्नही इथे झालेत, आणि त्यातला एक तुम्ही बहुधा न कळत ओलांडला असेल. कोलंबसमध्ये डाउनटाउनकडून शॉर्ट नॉर्थला हाय स्ट्रीटने चालत जाताना दोन्ही बाजूंना कमानी असलेली दुकानं आणि रेस्टॉरंटं लागतात. ती आय-६७० च्या डोक्यावर आहेत. २००४ पूर्वी तिथे जाळी लावलेला उघडा पूल होता. खाली फ्रीवेचा आवाज, हिवाळ्यात बोचरा वारा. कुणी चालत जात नसे. फ्रीवे रुंद होणारच होता, तेव्हा मधला पूल वाहनांसाठी आणि दोन्ही अंगांना दुकानांसाठी वेगळे पूल बांधले. कमानी १९७६ मध्ये पाडलेल्या युनियन स्टेशनची आठवण म्हणून. मोठ्या मॉलमधल्या एका दुकानाएवढीच जागा आहे, २५,००० चौरस फुटांच्या आसपास, पण दोन वस्त्या जोडल्या गेल्या. लक्षात घ्या, हे साधलं कारण फ्रीवेची दुरुस्ती तशीही होणार होती आणि शहराने योग्य वेळी तोंड उघडलं. दहा वर्षांनी सुचलं असतं तर वरातीमागून घोडं.

सिनसिनाटीला तीच संधी आता आहे. आय-७१ आणि आय-७५ दोन्ही ओहायो नदी ज्या ब्रेंट स्पेन्स पुलावरून ओलांडतात तो १९६३ चा, दिवसाला ८०,००० गाड्यांसाठी बांधलेला. आज दुप्पट जातात. जागा काढण्यासाठी ऐंशीच्या दशकात कडेच्या आपत्कालीन पट्ट्या काढून चौथी लेन केली, म्हणजे गाडी बंद पडली तर थांबायला जागा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रकच्या अपघाताने आग लागली आणि पूल सहा आठवडे बंद राहिला. शेजारी नवा पूल व्हायला हवा यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो पुलाच्या सिनसिनाटीकडच्या पायथ्याशी पसरलेल्या रॅम्पच्या जाळ्यावर. वेस्ट एंड गिळलेली जमीन तीच. नागरिक गटांनी आणि नगरपालिकेने लावून धरल्यावर आराखडा आक्रसला आणि सुमारे दहा एकर जमीन शहराला परत मिळण्याची सोय झाली. आणखी मिळाली असती, असं म्हणणारे आहेत. पुलाला विरोध करणारे आणि रॅम्पला विरोध करणारे वेगळे, हे बातम्यांत सरमिसळ होतं.

आता तुमच्या कामाचं. निर्णय कुठे होतात?

मध्य ओहायोत मॉर्प्सी ही प्रादेशिक संस्था दर चार वर्षांनी दीर्घ पल्ल्याची वाहतूक योजना करते. केंद्राचा पैसा हवा असेल तर प्रकल्प त्या यादीत असावाच लागतो. यादीचा मसुदा लोकांच्या प्रतिक्रियांसाठी खुला होतो तेव्हा कुणी फिरकत नाही. सातशे प्रकल्पांचा तक्ता कोण वाचणार! मोठ्या, क्षमता वाढवणाऱ्या प्रकल्पांसाठी राज्याची ट्रॅक नावाची नऊ जणांची समिती आहे, तीही सुनावण्या घेते. त्यानंतर पर्यावरण अभ्यास, आणि त्याच्या सुरुवातीला एक कंटाळवाणं प्रकरण असतं: प्रकल्पाचा हेतू आणि गरज. माझ्या मते सगळ्यात जास्त पाणी इथे मुरतं. गरज 'टोलेडो ते कोलंबस प्रवासाचा वेळ कमी करणे' अशी लिहिली तर उत्तर फ्रीवेच येणार. 'डेलावेअर काउंटीतल्या चौकांत अपघात कमी करणे' अशी लिहिली तर उत्तर वेगळं येतं. एका वाक्यावर पुढची दहा वर्षं बेतलेली असतात, आणि ते वाक्य ठरताना आम्हाला दहा-बारा प्रतिक्रिया आल्या तर खूप आल्या म्हणतो.

शहरात राहणाऱ्यांकडे एक जादा हत्यार आहे. हद्दीतल्या राज्य मार्गावर काम करायचं तर ओडॉटला नगर परिषदेचा संमतीचा ठराव लागतो. नकार दिला म्हणजे सगळं संपत नाही, पण वाटाघाटी करता येतात. पादचारी पूल, ध्वनिभिंत, सायकल मार्ग पुष्कळदा तिथेच मिळतात. तुम्ही टाउनशिपमध्ये आहात, तुमच्याकडे हे नाही. तुमच्याकडे जमीन वापर बदलाचा अधिकार आहे. टाउनशिपच्या ट्रस्टींनी, म्हणजे निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, एखादं शेत वसाहतीसाठी खुलं केलं तर ३० दिवसांत पुरेशा सह्या जमवून तो निर्णय मतदानाला नेता येतो. रूट २३ वर पुढचा सिग्नल लागणार की नाही हे ओडॉटपेक्षा त्या ट्रस्टींच्या महिन्याच्या बैठकीत जास्त ठरतं. मी गेलेय अशा बैठकांना. पंधरा खुर्च्या, चार माणसं, त्यातला एक बिल्डरचा वकील.

घराची भीती असेल तर एवढं सांगते: रस्त्यासाठी घर घेता येतं, भरपाई आणि स्थलांतराचा खर्च द्यावा लागतो. मॉल किंवा ऑफिस पार्कसाठी ओहायोत ते सोपं राहिलेलं नाही. सिनसिनाटीजवळच्या नॉरवुडने आय-७१ मुळे तुटक झालेली एक वस्ती 'ढासळत चाललेली' ठरवून विकासकासाठी घरं घ्यायला काढली, तेव्हा २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या आर्थिक फायद्यासाठी घर घेता येणार नाही असा निकाल दिला.

सभेला जाल तेव्हा नकाशावर स्टिकर चिकटवून परत येऊ नका. लेखी द्या, मुदतीच्या आत. 'आमचा विरोध आहे' हे आमच्या तक्त्यात 'विरोध: १' होऊन बसतं. त्याऐवजी 'अमुक चौकात सकाळी ७:४० ला डावीकडे वळायला तीन सिग्नल जातात, शाळेची बस तिथेच थांबते' असं लिहिलंत तर त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणून कुणाला तरी तिथे जाऊन उभं राहावं लागतं. मराठी मंडळाच्या गणपतीत मी दरवर्षी रूट २३ ची तक्रार ऐकते. चाळीस कुटुंबं एका हॉलमध्ये असतात. त्यातल्या दहांनी जरी आपापल्या चौकाबद्दल चार ओळी लिहिल्या, तरी आमच्या ऑफिसात तो गठ्ठा ठरतो.